चहापेटीची दुसरी किल्ली

चहाच्या पत्तीला कधी काळी कुलूप लागायचं, हे आता कुणाला खरं वाटत नाही. परवा आमच्या सूनबाईंना सांगितलं, तर त्या हसल्या. म्हणाल्या, "बाबा, मजाक करून राह्यले काय?"  ज्या कामात माझी निम्मी हयात गेली, ते काम आता घरातल्या माणसांना गंमत वाटतं.

मी नागभीडचा सुतार. स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुकान चाळीसेक वर्षं होतं. पोट चाललं ते दारं, खिडक्या, दिवाण आणि लग्नातल्या कपाटांवर. पण पंचक्रोशीत माझं नाव झालं ते जुन्या पेट्यांच्या दुरुस्तीमुळे. त्यातही चहापेटी आली की लोक म्हणायचे, नागभीडले घेऊन जा, तिथी एक हाये.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चहापेटी म्हणजे दीड वीत लांब, वीतभर उंच असा लाकडी डबा. चांगली असेल तर शिसवीची, नाहीतर सागवानाची. झाकण उघडलं की आत दोन कप्पे, त्यांनाही वेगळी झाकणं. कप्प्यांना आतून कथिलाचा पातळ पत्रा मारलेला असतो, म्हणजे पत्तीला ओल लागत नाही. दोन कप्प्यांच्या मध्ये एक गोल खड्डा. त्यात काचेचा वाडगा बसायचा, दोन जातींची पत्ती त्यात मिसळायची. आमच्याकडे आलेल्या बहुतेक पेट्यांतला वाडगा फुटलेला असायचा आणि खड्डा तेवढा उरलेला. त्या खड्ड्यात लोक काहीही ठेवत. ब्रह्मपुरीच्या एका गुरुजींकडे त्यात अख्खी सुपारी होती. सिंदेवाहीच्या एका म्हाताऱ्याची कवळी होती. ते पेटी घेऊन आले ते कवळी आत विसरून, आणि दुसऱ्या दिवशी तोंडावर उपरणं धरून परत आले.

या पेट्या आमच्या जंगलात आल्या कशा? पूर्वी जंगलखात्याचे बंगले होते, त्यात गोरे साहेब राहायचे. साहेब बदलून गेला की सामानाचा लिलाव व्हायचा. कुणी गावचा जमीनदार मालगुजार, कुणी बांबूचा ठेकेदार बोली लावून पेटी घरी न्यायचा. चहा तेव्हा महाग, आणि स्वयंपाकघर नोकरांच्या हातात. म्हणून पेटीला कुलूप आणि किल्ली मडमेच्या कमरेला. माझे उस्ताद वामनराव कुलूप साफ करताना म्हणायचे, "गोऱ्यायनं हे पेटी नोकराले चोर समजून केली. आपल्या लोकायनं घरी आणली, तं घरात चोर पाह्यजे ना? मंग सुनेले चोर केलं." उस्ताद कडू बोलायचे. मला तेव्हा वाटायचं, वयामुळे बोलतात.

दुरुस्तीचं काम नाजूक असतं. जुनं लाकूड रागावलेल्या माणसासारखं असतं, जोर केला की फाटतं. कोपऱ्याचे सांधे बोटांत बोटं गुंफावीत तसे असतात, त्यात एक खिळा नसतो. सरस, म्हणजे सुतारी डिंक, सुकला की सांधा ढिला होतो. तो सोडवायचा, खरवडायचा, नवा सरस तापवून पुन्हा बसवायचा. पॉलिश लाखेचं. लाख आपल्याच जंगलातली, कुसुमाच्या झाडावरची. बाजारातलं चकचकीत वार्निश मी एकाही पेटीला लावलं नाही, ही माझी मिजास.

ही मिजास मला महागात पडायची. ऊर्जानगरच्या, वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या, एका बड्या साहेबांनी मला क्वार्टरवर बोलावलं होतं. नागपूरहून त्यांनी एक चहापेटी आणली होती. मेमसाहेबांनी आलेली पत्रं ठेवायला दिवाणखान्यात मांडली होती. साहेब म्हणाले, "किती जुनी असेल, सांगा." मी उलटी करून पाहिली. तळाला प्लायवूड, स्क्रू नवे, आणि लाकडाला चहाचंच पाणी लावून काळपटपणा आणलेला. मी म्हणालो, "साहेब, हे पेटी तुमच्या स्कूटरहून वयानं लहान हाये." मेमसाहेब आत निघून गेल्या. परत कधी त्या घरून बोलावणं आलं नाही. मी खरं बोललो म्हणून त्या दिवशी सायकलवर छाती काढून बसस्टँडपर्यंत गेलो होतो. खरं बोलण्याचा मला तेव्हा फार गर्व होता.

त्या गर्वाचीच ही गोष्ट आहे. आजवर कुणाला सांगितली नाही.

मी तिशीचा असेन. वामनराव उस्ताद वारले होते आणि दुकान माझ्या एकट्यावर आलं होतं. आरमोरीहून निरोप आला की भातगिरणीवाल्यांच्या घरी चहापेटी दुरुस्त करायची आहे, पण पेटी घराबाहेर जाणार नाही, तुम्हीच या. घर मोठं, नाव मोठं. अशा घरी एकदा पाय ठेवला की पुढचं सगळं लाकूडकाम आपलं, या हिशेबाने मी हत्यारांची पिशवी सायकलला बांधून बसवर चढवली.

घरात सत्ता होती ती सासूची. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. नवरा वारलेला, मुलगा नामदेवराव गिरणी बघायचा. त्याची बायको शांता. लग्नाला चार वर्षं झाली होती, एक लहान मुलगी होती. शांताचं माहेर कुरखेड्याकडच्या खेड्यातलं, साधं, दोन बांधींच्या, म्हणजे दोन खाचरांच्या, धानशेतीचं.

पेटी मात्र देखणी. काळीभोर शिसव, झाकणावर पितळेची बारीक पट्टी. मागच्या बिजागरीजवळ फळी तडकली होती आणि एक कोपरा सुटला होता. मोठ्या बाईंनी माझ्यासमोर पेटी रिकामी केली. एका कप्प्यातली पत्ती, दुसऱ्यातली साखर, मधल्या खड्ड्यातली वेलची, सगळं डब्यांत भरून डबे कपाटात, कपाटाला कुलूप. एरवी सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी त्या स्वतः पेटी उघडायच्या, चमच्याने पत्ती आणि साखर काढून सुनेच्या हातावरच्या वाटीत घालायच्या, आणि पेटी बंद. घरात गिरणीचं वैभव होतं, अंगणात धानाची पोती रचलेली होती, पण चहा मोठ्या बाईंच्या हाताशिवाय होत नव्हता.

मी छपरीत बसून काम केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठ्या बाई शेजारी बारशाला गेल्या. मी कुलूप सोडवून तेल घालत होतो. शांता पाण्याचा गडवा घेऊन आली आणि गेली नाही. उभीच राहिली.

"भाऊ, याची दुसरी किल्ली होते काय?"

"होते ना जी. कायले पाह्यजे?"

तिने गडवा खाली ठेवला. मग एकदम बोलायला लागली, जणू कुणी विचारायचीच वाट बघत होती.

"मागच्या मंगळवारी माहा बाप आला होता. सायकलवर आला, इतक्या दुरून. उन्हानं तोंड लाल झालं होतं. मोठ्या बाई लग्नाले गेल्त्या, किल्ली त्यायच्या कमरेले. मी बापाले पाणी देल्लं. थोड्या वेळानं परत पाणी देल्लं. शेजारी पत्ती मांगाले जावं, तं लोक म्हणतीन, गिरणीवाल्याच्या घरी चहा नाई. बापाले समजलं. तो म्हणे, 'पोरी, म्या चहा सोडला. डाक्टरनं मना केला.' मी म्हटलं, बरं केलं बाबा. तो गेला. मंग आमचा गडी म्हणे, तुमचे वडील बसस्टँडवर हाटेलात चहा पेऊन राह्यले होते."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मले चोरून प्यायचा नाई भाऊ. फक्त माहा बाप आला तं एक कप. त्याच्यापुरती."

मी म्हणालो, "पाह्यतो." हे उत्तर नव्हतं, हे मलाही कळत होतं. आमच्या धंद्यात एक नियम आहे. मालकाच्या माहितीशिवाय किल्ली करायची नाही. उस्तादांनी मला तो पहिल्याच वर्षी शिकवला होता. मी तो नियम मनात घोळवत बसलो. तिचा बाप, त्याचं लाल झालेलं तोंड, यावर मी विचार केला असं खोटं लिहिणार नाही. मी स्वतःचाच विचार करत होतो.

संध्याकाळी काम संपलं. मोठ्या बाई परत आल्या होत्या. त्यांनी पेटी मांडीवर घेतली, झाकण उघडून-मिटून पाहिलं, कोपऱ्यावरून बोट फिरवलं, कुलूप दोनदा लावलं. खूश झाल्या. मग किल्ली हातात धरून सहज विचारल्यासारखं म्हणाल्या, "एकच हाये ना? दुसरी कोणी मांगतली तं नाई?"

त्यांना काही माहीत नव्हतं. त्या सगळ्यांनाच तसं विचारत असतील. मला नुसतं "नाई जी" म्हणता आलं असतं. दोन शब्द. पण मला वाटलं, आपण किती सचोटीचे आहोत हे या घराला कळलं पाहिजे.

मी म्हणालो, "सूनबाईनं विचारलं होतं जी. म्या करून देल्ली नाई."

मोठ्या बाई रागावल्या नाहीत. हसल्या. "अस्सं," म्हणाल्या. स्वतः उठल्या, कपाट उघडलं, डब्यातली पत्ती काढली, आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा सांगून आल्या. आल्याचा, दाट, साय आलेला चहा. कप घेऊन शांताच आली. माझ्यासमोर ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यालो.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच घराचा दरवाजा बसवायला आरमोरीला गेलो, तेव्हा बाजारातच कळलं. मोठ्या बाईंनी सुनेला मारलं नव्हतं, हाकललं नव्हतं. त्यांनी फक्त येणाऱ्या प्रत्येकाला चहा देताना सांगायला सुरुवात केली होती, "आमच्या शांतानं किल्ली करायले टाकली होती बरं! नागभीडच्या सुतारानंच सांगतलं." लग्नात, बारशात, कीर्तनात. हसत हसत सांगायच्या. ते फिरत फिरत कुरखेड्यापर्यंत गेलं.

मग शांताचे वडील आले. घरात बायकांचा मेळा जमला होता. म्हातारा उंबऱ्याच्या आत आला नाही. पिशवीतून पत्तीचे पुडे काढले, मोजले नाहीत, एकावर एक मोठ्या बाईंसमोर पायरीवर ठेवले. म्हणाला, "माह्या पोरीच्या वाट्याचा चहा. आता तिले चोर म्हणू नका." पाणीही न घेता सायकलवर बसून गेला. परत त्या घरी आला नाही. दोन पावसाळ्यांनंतर तापाने वारला.

तो वारल्याची बातमी ऐकली त्या आठवड्यात मी किल्ली केली. कुलपाचं माप माझ्या वहीत होतं, मेणाचा ठसा घ्यायचीही गरज नव्हती. पितळ घेतलं, कानशीने दात काढले, दोन दिवस घासत बसलो. त्या किल्लीएवढं बारीक काम मी क्वचित केलं असेल. आरमोरीला गेलो, गिरणीच्या मागे विहिरीवर शांता एकटी पाणी भरत होती. मी किल्ली कागदात गुंडाळून पुढे केली.

तिने कागद उघडला. पाहिलं. परत गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"आता कोणासाठी भाऊ?"

घागर उचलली. दोन पावलं गेली आणि न वळता म्हणाली, "मी पण सोडला चहा. डाक्टरनं नाई सांगतलं."

त्यानंतर मी त्या घराचं काम घेतलं नाही. त्यांनी बोलावलं, मी तब्येतीचं कारण दिलं. यात माझा मोठेपणा काही नाही. त्या घरात बसायला मला लाज वाटायची, एवढंच.

वर्षं गेली. मोठ्या बाई वारल्याचं कळलं. नामदेवरावही गेले. गिरणी बंद पडली, तिच्या जागी सिमेंटचं गोदाम झालं. माझ्या दुकानातही काम कमी होत गेलं. लोक तयार कपाटं आणू लागले. नागपूरचे जुन्या वस्तूंचे व्यापारी तेवढे गाडी घेऊन यायचे, खेड्यांतून पेट्या गोळा करून माझ्याकडे टाकायचे. त्यांना कुलूप लागायचं, पण चालू नको असायचं. नुसतं शोभेला.

आणि चारेक वर्षांपूर्वी, एका सकाळी, दुकानासमोर ऑटो थांबला. एक म्हाताऱ्या बाई उतरल्या. केस पांढरे, हातात साडीत बांधलेलं गाठोडं. त्यांनी गाठोडं माझ्या पाटावर ठेवून सोडलं, तेव्हा पेटी आधी ओळखली, माणूस नंतर.

"शांताबाई?"

"हो जी. हे फोडून द्या."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "कुठी बिघडली काय?"

"बिघडली नाई. फोडा. माह्यापुढं फोडा."

सवयीने माझा हात पेटीवर फिरला. मी म्हणालो, "बाई, असं लाकूड आता मिळत नाई. नागपूरचे लोक..."

"मले माईत हाये. म्हणूनच इथी बसून राह्यली. मी गेली की तुमी विकान."

मी पाणी दिलं. त्या प्याल्या आणि सांगू लागल्या. मोठ्या बाई गेल्यावर किल्ली त्यांच्या हातात आली. त्यांनी ती खुंटीला टांगली. कितीतरी वर्षं पेटीला कुलूप लागलं नाही. मग धाकट्या मुलाचं लग्न झालं, सून आली. शिकलेली, बोलकी. तिच्या मैत्रिणी यायच्या, दिवसातून तीनदा चहा व्हायचा.

"मागच्या सोमवारी बाजाराले निघाली. जाता जाता पेटी बंद केली, किल्ली कमरेले खोचली. काऊन केलं ते मले आताही सांगता येत नाई. हातानंच केलं जी. वापस आली तं सूनबाई दारात उभी. तिची आई आली होती, अंदर बसली होती. सूनबाईनं फक्त माह्या कमरेकडं पाह्यलं." त्यांचा हात कमरेकडे गेला. "तसंच पाह्यलं भाऊ. मी पाह्यत होती ना, तसंच."

मी पाण्याचा रिकामा पेला उचलून बाजूला ठेवला.

"तुमाले वाटलं असन, मले माईत नाई," त्या म्हणाल्या. "मी त्या दिवशी दाराच्या मागं होती. तुमी सांगतलं ते मी माह्या कानानं आयकलं."

"म्या खोटं नाई बोललो बाई."

"हो जी. खोटं नाई बोलले. एक डाव बोलले असते तं तुमचं काय गेलं असतं?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता असं नाही. पण दुसऱ्याच्या तोंडून तो वेगळा लागला. मी हातोडा घेतला. उचलला आणि थांबलो. हात खाली येईना. शांताबाईंनी उठून माझ्या हातातून हातोडा घेतला आणि त्यांच्या सगळ्या ताकदीने झाकणावर घातला. शिसव ती, नुसता खोल वण पडला. त्यांनी पुन्हा घातला. कोपऱ्यावर घातला. कोपरा हलला नाही. तो सांधा माझा होता, आणि खरं सांगतो, त्या क्षणीही आतून कुणीतरी मला शाबासकी दिली. अशा माणसाचं काय करावं?

त्यांना धाप लागली. त्या बाकावर बसल्या. तेव्हा मी पाणी तापवलं. उकळतं पाणी फडक्याने सांध्यांवर सोडत राहिलो. जुना सरस पाण्याला मऊ होतो. अर्ध्या तासाने पटाशी घातली, आणि पेटी आवाज न करता उकलली. समोरची फळी, मागची, दोन्ही बाजू, तळ, झाकण. पत्रे वेगळे, कुलूप वेगळं. सगळं जमिनीवर मांडलं.

शांताबाई वाकून पाहत राहिल्या. पायाने एक फळी सरकवली.

"एवढीशीच होती काय वो?" त्या म्हणाल्या.

कुलूप आणि किल्ली त्यांनी पदरात बांधली. रस्त्यातल्या नदीत टाकते म्हणाल्या. निघताना ऑटोत बसून मला विचारलं, "लाकडं जाळान ना भाऊ? आजच?"

"हो जी," मी म्हणालो. "आजच."

ऑटो वळून गेला. मी फळ्या गोळा केल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या, वर्तमानपत्रात बांधल्या आणि माळ्यावर ठेवल्या. अजून तिथेच आहेत. शांताबाईंशी मी आयुष्यात एकदाच खोटं बोललो, आणि ते लाकडासाठी.